चोवीस काड्यांचा आकाशकंदील: सांगाडा का पिळवटतो, कागद का सुरकुततो

प्रश्न असा आहे: बांबूच्या चोवीस सारख्या काड्या बांधून पारंपरिक आकाशकंदील केला, पण सांगाडा उचलला की एका बाजूला पिळवटतो, कागद वाळल्यावर कुठे सुरकुततो तर कुठे फाटतो, आणि दिवा लावला की कंदिलाचा वरचा अर्धा भाग काळोखा दिसतो. काय चुकते?

कागदाची बहुतेक दुखणी सांगाड्यातून येतात. सांगाडा ताठ आणि मापात असेल तर कागद लावणे हे एका संध्याकाळचे सोपे काम आहे. सांगाडा सैल असेल तर कितीही चांगला कागद आणि कितीही निगुतीने केलेली खळ उपयोगी पडत नाही. म्हणून उत्तराचा मोठा भाग काड्यांवरच आहे.

हा आकार आधी नीट डोळ्यांपुढे आणा. कोपऱ्यावर उभे केलेले चार चौकोन एकमेकांना बाजूच्या टोकांनी जोडून कडे करायचे, वरच्या चार टोकांना चार काड्या, खालच्या चार टोकांना चार काड्या. झाले सहा चौकोन (चार बाजूंचे, एक वरचा, एक खालचा) आणि मधल्या फटीत आठ समभुज त्रिकोण. काड्या चोवीस, सांधे बारा. त्रिकोणाचा कोन काडी मोडल्याशिवाय बदलत नाही, पण चौकोन दाबला की त्याचा पतंग होतो. या सांगाड्यात सहा चौकोन आहेत आणि सहाही ढिले आहेत, म्हणून वरचा चौकोन हाताने थोडा फिरवला की सगळा कंदील गोल फिरत आत बसतो. गाठी घट्ट करून हे थांबत नाही. अमेरिकेतले वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी याच आकृतीच्या या फिरण्याला ‘जिटरबग’ (एका नाचाचे नाव) असे नाव दिले होते, इतकी ती तिची अंगभूत सवय आहे.

उपाय म्हणजे प्रत्येक चौकोनाला एक कर्ण. हिशेबही पक्का बसतो: सांध्यांची संख्या गुणिले तीन, वजा सहा, इतक्या काड्या असतील तरच असा बंद सांगाडा ताठ उभा राहतो. बारा त्रिक छत्तीस, वजा सहा, म्हणजे तीस. चोवीस आहेत, सहा कमी पडतात, आणि चौकोनही नेमके सहाच आहेत. पाच कर्ण लावून भागवू नका. जो चौकोन सुटेल त्याच्यातून कंदील पिळवटेल. दोन दोरे आडवेउभे ताणूनही काम होते, पण दोरा दमट हवेत सैल पडतो, त्यामुळे काडीच बरी.

मापे. काडीची बाजू २० सेंमी धरली तर कर्ण २८.३ सेंमी (बाजू गुणिले १.४१४). तयार कंदिलाची उंचीही २८.३ सेंमी आणि रुंदी टोकापासून समोरच्या टोकापर्यंत बरोबर ४० सेंमी. फ्लॅटच्या बाल्कनीला हा आकार शोभतो. खिडकीच्या गजांमध्ये टांगायचा असेल तर १५ सेंमी बाजू घ्या, कर्ण २१.२ आणि रुंदी ३० होईल. वाड्याच्या किंवा बंगल्याच्या दारासाठी ३० सेंमी बाजू, कर्ण ४२.४, रुंदी ६०. हे आकडे सांध्यापासून सांध्यापर्यंतचे आहेत. बांधायला दोन्ही टोकांना एकेक सेंमी जास्त लागतो. म्हणजे २० च्या कंदिलासाठी २२ सेंमीच्या २४ आणि ३०.३ सेंमीच्या ६ काड्या कापायच्या आणि प्रत्येक काडीवर टोकापासून एक सेंमी आत पेन्सिलीने खूण करायची. गाठ खुणेवर यायला हवी, टोकावर नाही. एकूण कामटी (बांबूची चिरलेली पट्टी) सात मीटरच्या आसपास लागते. नऊ मीटर घ्या, कारण पेराची गाठ आलेल्या आणि चिरलेल्या काड्या बाजूला काढाव्या लागतील.

कामट्या बुरूड आळीत किंवा टोपल्या विणणाऱ्यांकडे मिळतात. २० सेंमीच्या कंदिलाला ५ ते ६ मिमी रुंद आणि अडीच-तीन मिमी जाड कामटी हवी. त्याहून जाड घेतली तर कंदील जड होतो आणि कागदावर काळ्या पट्ट्यांची सावली पडते. कामटी वाळलेली असावी. ओली कामटी बांधल्यावर वाळताना वाकते आणि मापात बसलेला चौकोन दोन दिवसांत बिघडतो. पेराची गाठ काडीच्या मधोमध येऊ देऊ नका, कारण गाठीपाशी काडी वाकत नाही आणि शेजारी जास्त वाकते. दोन गाठींमधला सरळ भाग सहसा २० सेंमीपेक्षा लांब असतो, त्यामुळे थोडे निवडून घेतले तर बिनगाठीच्या काड्या मिळतात. कापल्यावर कडा पॉलिश पेपरने मारा. बांबूची कूस बोटात खोल जाते, आणि पतंगी कागद फाडायला तर एकच कूस पुरते.

खराट्याच्या काड्या आठ-दहा सेंमीच्या चिमुकल्या कंदिलांना ठीक आहेत, त्यापुढे त्या वाकतात. परदेशात राहणाऱ्यांना बांबू शोधत फिरायची गरज नाही. किराणा दुकानात कबाबासाठी ३० सेंमीच्या बांबूच्या काड्यांची पुडी मिळते. त्यातल्या २४ काड्या २२ सेंमीवर कापायच्या आणि ६ न कापता कर्ण म्हणून वापरायच्या. टोकदार अग्रे तेवढी आधी बोथट करून घ्या.

आता बांधणी. एका फळीवर २० सेंमी बाजूचा चौकोन आखा, गुण्या लावून काटकोन तपासा आणि प्रत्येक कोपऱ्याच्या आतल्या अंगाला एक खिळा ठोका. या साच्यावर चार चौकोन करायचे. काड्या ठेवताना प्रत्येक काडीचे एक टोक शेजारणीच्या वर आणि दुसरे टोक शेजारणीच्या खाली घ्या, म्हणजे चौकोन सपाट बसतो. दोन काड्या खाली आणि दोन वर ठेवल्या तर चौकोनाला जाडीचा फरक पडतो आणि पुढे कागद एका बाजूला उचललेला दिसतो. दोरा सुती आणि जाडसर हवा. नायलॉनचा दोरा बांबूच्या गुळगुळीत पाठीवर सरकतो. आधी फुलीसारखे चार वेढे, मग दोन काड्यांच्या मधून दोन आडवे वेढे. या आडव्या वेढ्यांनीच गाठ आवळली जाते आणि तेच बहुतेक जण विसरतात. वर फेविकॉलचा एक थेंब.

चौकोन साच्यावर असतानाच त्याचा कर्ण बांधा, आतल्या बाजूने, म्हणजे तो कडांपेक्षा दोन-तीन मिमी मागे राहील. कागद कर्णाला टेकता कामा नये. चारही चौकोन तयार झाले की कर्ण आडवे ठेवून त्यांना बाजूच्या टोकांनी जोडा. चार कर्णांचा मिळून कंदिलाच्या कमरेला एक चौकोनी पट्टा तयार होतो. मग वरच्या चार काड्या, खालच्या चार काड्या, आणि शेवटी वरचा व खालचा कर्ण. या टप्प्यात गाठी पूर्ण आवळू नका. सगळे जागेवर आले की मोजा: कमरेची समोरासमोरची टोके दोन्ही दिशांनी ४० सेंमी, वरच्या आणि खालच्या चौकोनांचे दोन्ही कर्ण २८.३. पाच मिमीपर्यंतचा फरक चालतो, सेंटीमीटरभर असेल तर गाठ सरकवून जुळवा. मग आवळा, गोंद लावा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी सांध्यांवरची जास्तीची टोके तीन मिमी ठेवून छाटा.

सांगाडा हातात घेऊन वरचा चौकोन फिरवून पाहा. तो तसूभरही फिरत नसेल तरच कागदाला हात लावा.

कागद का सुरकुततो हे समजले की तो लावायचा कसा हे आपोआप कळते. कागद पाणी पितो तेव्हा फुगतो आणि वाळताना आकसतो. तो सगळीकडे सारखा आकसत नाही. तंतू ज्या दिशेने असतात त्या दिशेला कमी, आडव्या दिशेला जास्त. खळ पातळ असेल किंवा कागदालाच फासली असेल तर कडेचा दोन इंचांचा पट्टा ओला होऊन फुगतो, मधला कोरडा राहतो, आणि वाळल्यावर कडेने लाटा उमटतात. उलट ओला कागद ओढून लावला तर वाळताना तो इतका ताणला जातो की कोपऱ्यात फाटतो, किंवा सैल सांगाडा असेल तर सांगाड्यालाच ओढून वाकडा करतो. पहिले दोन चौकोन नीट बसतात आणि पाचवा त्रिकोण मापात येत नाही, या तक्रारीचे कारण हेच.

तंतूंची दिशा ओळखायला कागदाचा तुकडा दोन्ही बाजूंनी फाडून पाहा. ज्या बाजूने तो सरळ रेषेत फाटतो ती तंतूंची दिशा. सगळे तुकडे एकाच दिशेने आखा, म्हणजे ताण तरी सारखा येतो.

खळीसाठी दोन मोठे चमचे मैदा पाव वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, वाटीभर उकळत्या पाण्यात ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पांढरी पूड होऊन सुटते. गार झाल्यावर ती चमच्यावरून धारेने पडू नये, गोळ्याने पडावी. मुंग्या-झुरळांसाठी काही जण खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, आणि कंदील बहुधा मुलांच्या हातांनी होतो, म्हणून ते टाळा. खळ दोन दिवसांपुरतीच करा, फ्रिजमध्ये ठेवा, वास आला की टाकून द्या. फेविकॉलही चालते, पण ते लगेच पकडते, कागद सरकवून सारखा करायला वेळ देत नाही, आणि पुढच्या वर्षी कागद काढताना सांगाडा खरवडावा लागतो. पातळ कागदाला खळच.

पतंगी कागदाचा ताव ५० बाय ७५ सेंमीच्या आसपास असेल तर हिशेब सुंदर बसतो. चौकोन दीड-दीड सेंमी दुमड धरून २३ सेंमीचा होतो आणि एका तावात असे सहा बसतात. चार लागतात, कारण वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा आहे. त्रिकोण दुमडीसकट २५.२ सेंमी बाजूचा आणि २१.८ सेंमी उंचीचा. तावावर २२ सेंमीच्या दोन पट्ट्या आखून त्यात एक सुलटा एक उलटा असे चार-चार त्रिकोण काढले की आठही एकाच तावात निघतात. म्हणजे दोन रंगांचे दोन ताव. पुठ्ठ्याचे दोन साचे करून घ्या आणि चार-चार घड्या एकत्र कापू नका, खालचा थर सरकतो.

खळ फक्त काडीच्या बाहेरच्या अंगाला, बोटाने पातळ लावायची. कागद कोरडाच ठेवायचा. काडीवर ठेवून बोटाने मधून टोकांकडे दाबत जायचे, हलका ताण द्यायचा, ओढायचे नाही. दुमड काडीवरून आत वळवायची, कोपऱ्यात ती तिरकी छाटायची. आधी खालचे चार त्रिकोण, मग वरचे चार, चौकोन शेवटी. एक लावला की लगेच शेजारचा घेऊ नका, समोरचा घ्या, म्हणजे दोन्हींचा ओढा एकमेकांना तोलतो. वाळल्यावर किंचित ढिला राहिलेला कागद ओल्या कापसाने आतून अगदी पुसटसा ओलावला तर ताणून बसतो. पण पतंगी कागदाचा रंग पाण्यात उतरतो, तेव्हा कात्रणावर करून बघा आणि राणी, लाल, जांभळ्या कागदावर हा प्रयोग करूच नका. याच कारणाने फिकट रंगाचा कागद आधी लावून पूर्ण वाळू द्यायचा आणि गडद नंतर. ओल्या खळीवर पांढऱ्याशेजारी लाल आला की पांढऱ्याच्या कडेला गुलाबी ओघळ उतरतो, तो जात नाही.

जिलेटिन कागद पाणी पीत नाही, म्हणून तो सुरकुततही नाही, पण खळीने चिकटतही नाही आणि दिव्यात त्याच्या आरपार बल्ब दिसतो. प्रकाश कागदात पसरायला हवा, कंदिलाचे रूप त्यातच आहे. थर्माकोलचा विचार सोडा. महाराष्ट्रात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि या आकाराला त्याची गरजही नाही.

सजावटीत करंज्या आणि शेपट्या पुरतात. करंजीला थोडा ताठ घोटीव कागद हवा. ७ सेंमीचा चौकोन घ्या, समोरासमोरची दोन टोके घडी न पाडता एकमेकांवर आणा आणि चिकटवा. पोट फुगीर राहिले पाहिजे. तिची लांबी जवळपास १० सेंमी भरते, म्हणून एका काडीवर बरोबर दोन बसतात आणि खालच्या चार काड्या सोडून चाळीस लागतात. करंज्यांमुळे काडीची सावली आणि कागदाचे जोड झाकले जातात. सांध्यांवर तीन सेंमीच्या गोल टिकल्या लावा. शेपट्या खालच्या चौकोनाच्या चार काड्यांना: दीड सेंमी रुंद आणि ६० सेंमी लांब पट्ट्या, वरचे चार सेंमी न कापता सलग ठेवून झालरीसारख्या. कंदिलाच्या उंचीच्या दुप्पट शेपटी चांगली दिसते. त्याहून आखूड असली की कंदील बसका वाटतो. संध्याकाळी माहीमच्या कंदील गल्लीतून एक फेरी मारली तर शेपटीचे आणि अंगाचे हे प्रमाण डोळ्यांत बसते.

आता काळोख्या भागाचे. जुना तारेचा बल्ब चहूकडे प्रकाश टाकायचा. नेहमीच्या एलईडी बल्बचा अर्धा भाग अपारदर्शक असतो आणि दिवे पुढच्या घुमटात असतात. तो उलटा टांगला की प्रकाश खाली आणि बाजूंना जातो, वरचे चार त्रिकोण अंधारात राहतात. बल्ब खालून वर तोंड करून बसवला तर उजेड वर जातो, पण उघड्या जागी होल्डरमध्ये पाणी साचण्याचा धोका असतो. त्यापेक्षा आरपार काचेचा, आत तारांसारखे दिसणारे एलईडी असलेला चार वॅटचा पिवळसर बल्ब घ्या. त्याची काच होल्डरच्या तोंडापासूनच उजळते. होल्डर वरच्या कर्णाच्या मध्यावर बांधा, म्हणजे बल्ब साधारण मधोमध येतो. बाजूचे कागद मध्यापासून १४ सेंमीवर आहेत, तेवढे अंतर एलईडीला पुरेसे आहे. ४०-६० वॅटचा तारेचा बल्ब या कंदिलात लावू नका. तो तापतो, आणि वाऱ्याने शेपटी उडून आत गेली तर कागद पेटू शकतो. वरचा चौकोन उघडा ठेवायचे एक कारण उष्णता, दुसरे वारा. दोन्ही तोंडे उघडी असली की वारा आरपार जातो आणि कागदावर पोट धरत नाही. खालच्या कर्णाच्या दोन्ही बाजूंना हात आत जाईल एवढी जागा राहते, बल्ब तिथूनच बदलायचा.

कंदिलाचे वजन वायरवर नको. वरच्या चौकोनाच्या चार टोकांना चार दोऱ्या, त्या एका कडीत, कडीला टांगायची दोरी. वायर वेगळी आणि सैल. होल्डरच्या टोपीच्या आत वायरला एक गाठ मारा म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. बाहेर उघड्यावर वायरला जोड देऊ नका, एकच सलग वायर घरातल्या प्लगपर्यंत आणा. वरच्या मजल्यांवर कंदील स्वतःभोवती फिरून दोऱ्या पिळून घेतो. खालच्या दोन समोरासमोरच्या टोकांपासून ग्रिलला सैलसर दोरे बांधले की तो थांबतो.

पहाटेच्या दवाने कागद ढिला पडतो आणि दुपारपर्यंत पुन्हा ताणला जातो. यात बिघडलेले काही नसते. परतीचा पाऊस मात्र पतंगी कागदाला सोसत नाही, म्हणून कंदील पटकन काढता येईल अशी कडी आणि आकडा ठेवा. भिजला तर हात न लावता उघड्या हवेत वाळू द्या. ओला असताना सारखा करायला गेलात की तो बोटालाच चिकटून येतो.

हाच हात बसला की नाताळचा पाच टोकांचा तारा अवघड नाही. गोव्यात आणि वसईत तो अशाच कामट्यांचा करतात. ६० सेंमीच्या दहा काड्या, जरा पातळ आणि लवचीक, कारण त्यांना बाक घ्यावा लागतो. प्रत्येक काडीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करा (काडीच्या लांबीच्या ३८ टक्के, काडी कितीही लांब असो). पाच काड्यांचा एक सपाट तारा, सगळे छेद या खुणांवरच बांधायचे. असे दोन तारे टोकाला टोक बांधून मधल्या पाच छेदांमध्ये १२ ते १५ सेंमीच्या पाच आडव्या काड्या अडकवल्या की तारा फुगून उभा राहतो. खुणा चुकल्या तर एक टोक लांब आणि शेजारचे बोथट दिसते, आणि कागद लावून ते लपत नाही.

दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न किंवा त्रिपुरी पौर्णिमा झाली की कागद ओल्या फडक्याने भिजवून उतरवा, खळ पुसून काढा आणि सांगाडा दोन दिवस उन्हात ठेवा. बांबूत पिष्ट असते, म्हणून त्याला पोरकिडा लागतो. काड्यांखाली पिवळसर बारीक भुसा दिसला तर ती काडी लगेच बदला, नाहीतर शेजारच्याही जातील. माळ्यावर ठेवताना सांगाडा सुती कापडात गुंडाळून वर टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर पावसाळ्यात ओल धरून दोऱ्याच्या गाठी कुजतात.